दोन पानांचं उत्तर

आबांनी शर्टाचं दुसरं बटण चिमटीत धरलं आणि विंगेत बसलेल्या प्रॉम्प्टर ताईंनी शब्द द्यायला तोंड उघडलं.

शब्द अगदी तयार होता. ‘ऐक.’ एवढाच. मांडीवरच्या वहीत ताईंचं बोट त्याच शब्दाखाली होतं, वहीवरच्या छोट्या दिव्याचा उजेड त्याच ओळीवर होता. दहा पावलांवर, रंगमंचाच्या मधोमध आबा उभे होते आणि त्यांची नाटकातली मुलगी नुकताच प्रश्न विचारून थांबली होती.

“खोटं बोलू नये, हे कशावरून, बाबा?”

प्रश्न उगाच विचारलेला नव्हता. नाटकातल्या या बापानं कोर्टात स्वतःच्या मुलाविरुद्ध खरी साक्ष दिलेली असते, मुलगा तुरुंगात गेलेला असतो, आणि तिसऱ्या अंकात बहीण बापाला जाब विचारते. त्यावर बापाचं उत्तर चांगलं दोन पानांचं. नाटक लिहिणारे सर तीस वर्षं कॉलेजात नीतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते आणि त्या तीस वर्षांचा अर्क त्यांनी या दोन पानांत उतरवला होता. प्रेक्षक मात्र नेमके याच दोन पानांत खोकायचे. ताईंनी एका प्रयोगाला मोजलं होतं, अकरा वेळा.

बटण धरणं म्हणजे ‘विसरलो, दे.’ ही खूण जगात दोघांनाच ठाऊक होती. आबांची सत्तरी उलटली तेव्हा दोघांनी ती गुपचूप ठरवली, कुणाला कळू न देता. आणि ताईंच्या कामाचा नियम तर त्याहून जुना. ज्या म्हाताऱ्या प्रॉम्प्टरनं त्यांना शिकवलं, त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, मागितलं की द्यायचं. मागण्याआधी नाही, आणि मागितल्यावर विचार करत बसायचं नाही. बावीस वर्षांत ताईंनी हा नियम एकदाही मोडला नव्हता. अंगात ताप असताना शब्द दिला होता, घसा बसलेला असताना दिला होता, एकदा तर पायावर पडद्याचं वजन पडून बोट काळंनिळं झालं होतं, तेव्हाही आधी शब्द दिला होता आणि मग ‘आई गं’ म्हटलं होतं.

आज त्यांनी आबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

त्या चेहऱ्यावर काय चाललं होतं! आबा आत कुठेतरी धावत होते, एकेक दार उघडून बघत होते आणि प्रत्येक खोली रिकामी निघत होती. ओठ सुटले, पुन्हा जुळले. डोळे मुलीकडे गेले, दोनदा विंगेकडे गेले, पुन्हा मुलीकडे आले आणि हळूहळू भरत गेले. बाप उत्तर शोधत होता आणि बापाला उत्तर सापडत नव्हतं. समोरच्या अंधारात सहाशे माणसं श्वास रोखून त्याच्याबरोबर शोधत होती. एकही खोकला नाही. खुर्ची करकरली नाही. ताईंच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि त्यांना वाटलं की आपण आता श्वास जरी जोरात सोडला तरी हे सगळं मोडेल.

दोन मिनिटं चाळीस सेकंद. मग मुलीचं काम करणाऱ्या पोरीनं, जिला सगळे चिमणी म्हणत, एक पाऊल पुढे टाकलं आणि त्या दोन पानांनंतरचं स्वतःचं वाक्य म्हटलं.

“अंधार पडलाय. दिवा लावते.”

पडदा पडला तेव्हा काही क्षण टाळ्याच आल्या नाहीत. आणि आल्या त्या अशा आल्या की छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं.

“तस्संच! संध्याकाळी मला तस्संच हवंय!” दिग्दर्शिका चपला हातात घेऊन विंगेतून धावत आली. वयानं ती या सगळ्यांपेक्षा लहान, पण तिच्या आवाजापुढे नेपथ्याच्या भिंती थरथरत. “बघा, बघा, काटा अजून गेला नाहीये.” तिनं स्वतःचा हात प्रकाशयोजनेवाल्याला दाखवला, चिमणीला दाखवला, झाडू घेऊन आलेल्या कामगाराला दाखवला. त्यानंही तो नीट बघितला आणि मान हलवली.

“मला तर वाटलं मीच चुकीचा प्रश्न विचारला,” चिमणी म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली.

आबा घामानं निथळत मेकअपच्या खोलीकडे निघाले होते. दिग्दर्शिकेनं त्यांना वाटेत गाठलं.

“आबा, ठरवून केलंत ना? मला न सांगता? लबाड आहात तुम्ही!”

“झालं खरं,” आबा म्हणाले आणि आत गेले.

तिनं त्याचा अर्थ ‘हो’ असा घेतला. तिला तो तसाच घ्यायचा होता. सातच्या प्रयोगाला महोत्सवाची निवड समिती येणार होती आणि हातात अवघे तीन तास होते.

तेवढ्यात सर आले. सातव्या रांगेतून रंगमंचावर यायला त्यांना वेळ लागला, कारण चष्मा पुसायला ते दोनदा वाटेत थांबले होते. हातात वही, कानावर पेन्सिल, आणि चेहरा असा की परीक्षेत पहिला आलेला मुलगा की नापास झालेला, काही सांगता येऊ नये.

“एक मिनिट. कोणी काही ठरवू नका,” सर म्हणाले. “आधी मला सांगा, आबांनी हे केलं, की आबांचं हे झालं?”

“काय फरक पडतो, सर?” दिग्दर्शिका म्हणाली.

“काय फरक पडतो? अहो, सगळाच फरक पडतो! उत्तर न देणं आणि उत्तर न सुचणं, या दोन गोष्टी एकच का? ढगाचा हत्ती झाला म्हणून कुणी ढगाला चित्रकार म्हणत नाही!”

“पण हत्ती दिसला ना? सहाशे लोकांना दिसला.”

“दिसणं वेगळं, काढणं वेगळं.”

“सर, तुम्ही स्वतः रडत होता. मी पाहिलं.”

“माझं सोडा, मी सिनेमातलं कुत्रं मेलं तरी रडतो.” सरांनी कानावरची पेन्सिल काढली आणि वही उघडून ती दोन पानं सगळ्यांपुढे धरली. त्यांचे डोळे चमकत होते. “हे बघा. आबांनी जर हे ठरवून केलं असेल, तर ही दोन्ही पानं मी आत्ता, इथे, तुमच्यासमोर फुली मारून काढतो. आनंदानं! तीस वर्षं मी जे सांगत होतो ते त्यांनी एक शब्द न बोलता सांगितलं. पण ते विसरले असतील, तर हा अपघात आहे. आणि अपघाताचे प्रयोग लावता येत नाहीत.”

हे मात्र दिग्दर्शिकेला पटलं, आणि पटल्याबरोबर तिचा चेहरा उतरला. मागच्या महिन्यात आबा दोनदा अडखळले होते. तेव्हाच तिनं बजावलं होतं की आणखी एकदा झालं तर भूमिका दुसऱ्याला. दुसरा तयारही होता. नाटकात शेजाऱ्याचं काम करणाऱ्या नटानं ती दोन पानं घोकून चोख पाठ केली होती आणि तो ती कुणालाही, कधीही, विचारलं नाही तरी म्हणून दाखवायचा.

“विसरले असतील,” ती हळू आवाजात म्हणाली, “तर संध्याकाळी बाप म्हणून तो शेजारी उभा राहील. समितीपुढे मला जुगार नाही खेळायचा.”

मग सगळ्यांनी एकदम ताईंकडे पाहिलं. ताई आपल्या स्टुलावरून अजून उठल्याच नव्हत्या.

“ताई, नट विसरला की नाही, ते तुम्हाला कळतं ना?” सरांनी विचारलं.

“कळतं.”

“मग? विसरले होते?”

ताईंनी वही मिटली, दिवा बंद केला, पदराला हात पुसले.

“आधी आबांना भेटून येते,” त्या म्हणाल्या.

आबा आरशासमोर बसले होते. चेहऱ्याचा अर्धा रंग निघाला होता आणि अर्धा तसाच होता. शर्ट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला होता, तो पाठीकडून पार ओला झाला होता.

“ये कुजबूज,” आबा आरशातूनच म्हणाले. ताईंना या नावानं हाक मारायची परवानगी त्यांनी एकट्यानंच स्वतःला दिलेली होती. “किती वेळ गेला?”

“दोन चाळीस.”

“मला वाटलं जन्म गेला.”

ताई दाराशीच उभ्या राहिल्या. आबांनी कापसाचा बोळा टेबलावर ठेवला.

“शब्द का दिला नाहीस?”

ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या नटांना कसं सांभाळायचं ते ताईंना येत होतं. हा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

“मी बटण धरलं होतं.”

“पाहिलं मी.”

“मग? पान चुकलं का? दिवा गेला? कुणी मध्ये आलं?”

आबा एकेक सबब स्वतःच पुढे करत होते. यातली कुठलीही उचलली असती तरी चालली असती.

“नाही,” ताई म्हणाल्या. “सगळं जागच्या जागी होतं. शब्द तोंडात होता. पण तुम्ही असे काही उभे होता, आबा, मला ते मोडवेना.”

आबांनी कापसाचा बोळा पुन्हा उचलला.

“पाण्यात पडलेला माणूस हातपाय मारतो,” ते म्हणाले, “आणि काठावरचे म्हणतात, वा, काय नाच आहे! मी दोनदा तुझ्याकडे पाहिलं. दोन्ही वेळा तुझं तोंड मिटलेलं.”

ताईंना लाज वाटली. इतकी की कानशिलं तापली. आणि त्याहून वाईट म्हणजे त्या लाजेच्या खाली मघाचा आनंद अजून विझला नव्हता, आत धगधगतच होता. बावीस वर्षं त्या विंगेत बसून ज्याची वाट पाहत होत्या, ते आज त्यांनी पाहिलं होतं, आणि ते एका माणसाच्या जिवावर पाहिलं होतं.

आबांनी टॉवेलनं तोंड पुसलं. पुसता पुसता टॉवेलच्या आडून म्हणाले, “खरंच चांगलं झालं का गं?”

“खूप.”

“खूप म्हणजे किती?”

“बावीस वर्षांत असं बघितलं नाही.”

“मागच्या नाटकात मी शेवटी मरतो, त्यापेक्षा?”

“मरण्यापेक्षा कितीतरी चांगलं.”

आबा खुर्चीत ताठ बसले. त्यांना हसू आवरायचं होतं, पण ते आवरेना. नट तो नटच.

“मग बाहेर जाऊन सांग की, ठरवून केलं म्हणून. एवढंच सांग. संध्याकाळचं संध्याकाळी बघून घेऊ.”

“खोटं नाही सांगता यायचं मला.”

“का?”

विचारल्यावर दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. आबांचे खांदे हलायला लागले.

“दोन पानं आहेत त्यावर,” ते म्हणाले. “जा, वाच.”

“तुम्हाला ती आठवत नाहीत आणि मला ती पटत नाहीत.”

मग मात्र दोघं खूप हसली. चिमणीनं दार ढकलून आत डोकावून पाहिलं आणि काही न विचारता परत गेली. हसणं थांबल्यावर आबांनी डोळे टिपले.

“जे खरं आहे ते सांग,” ते म्हणाले. “बसेन घरी. घरी मी आणि रेडिओ. रेडिओ कधी विसरत नाही, एवढाच त्याचा त्रास.”

रंगमंचावर संध्याकाळची मांडामांड चालली होती. टेबल, दोन खुर्च्या, खिडकीची चौकट. सर बापाच्या खुर्चीत बसले होते, वही उघडी, पेन्सिल तयार. दिग्दर्शिका येरझाऱ्या घालत होती.

ताई उभ्याउभ्याच बोलल्या. बसल्या असत्या तर बोलता आलं नसतं.

“आबा विसरले. त्यांनी माझ्याकडे शब्द मागितला. मी पाहिलं, शब्द माझ्या तोंडात होता, आणि मी दिला नाही.”

दिग्दर्शिकेनं डोळे मिटले आणि मोठा सुस्कारा सोडला. सर मात्र खुर्चीतून असे उठले की खुर्ची मागे पडली.

“दिला नाही? म्हणजे तुम्हाला देता येत होता?”

“हो.”

“आणि तुम्ही ठरवून दिला नाही!”

“ठरवून म्हणजे... तोंड मिटलं मी.”

“म्हणजे कुणीतरी केलं! अपघात नव्हे हा!” सरांनी दोन्ही हात वर केले. “अहो, कर्ता सापडला! आबा विसरले ही माती झाली, घडा तुम्ही केलात. तुम्ही तिथे अंधारात बसून ते तोललंत, ओळखलंत आणि राखलंत. ही कला नाही तर काय आहे? मी फुली मारतो. संध्याकाळीही असंच करायचं. आबांनी मागायचं, तुम्ही द्यायचं नाही!”

“मागितलं तर मी देणार,” ताई म्हणाल्या.

सरांचे हात वरच राहिले.

“काय?”

“दुपारी मी चूक केली. संध्याकाळी त्यांनी मागितलं तर देणार.”

“ताई, समिती आहे!” दिग्दर्शिका म्हणाली.

“थांब, थांब, मला विचारू दे.” सर पुढे आले. वर्गात शेवटच्या बाकावरून कुणी हात वर केल्यावर जसा चेहरा होत असेल, तसा त्यांचा झाला होता. “का देणार? सहाशे माणसांना जन्मभर पुरेल असं काही मिळतंय, आणि एका माणसाला तीन मिनिटं त्रास होतोय. मग का?”

“मागितलं की द्यायचं.”

“हा नियम झाला. मी कारण विचारतोय.”

ताईंनी विचार केला. अगदी मनापासून केला.

“माहीत नाही,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही आबांना तसं वचन दिलं होतं, म्हणून?”

“वचन कुणी नव्हतं दिलं.”

“आबांना वाईट वाटलं, म्हणून?”

“वाटलंच. पण नसतं वाटलं तरी.”

“सगळेच प्रॉम्प्टर असं वागायला लागले तर रंगभूमी बंद पडेल, म्हणून?”

“बाकीच्यांचं मला काय ठाऊक? सर, असं करा. तुम्ही तिथे उभे राहा.”

“मी?”

“आबा उभे असतात तिथे. आणि तुमची दोन पानं म्हणा. तुम्हीच लिहिलीत, पाठ असतील.”

सर हसले, पण गेले. प्रकाशयोजनेवाल्याला भलताच हुरूप आला आणि त्यानं कुणी न सांगता तिसऱ्या अंकातला दिवा पेटवला. उजेड तोंडावर आल्याबरोबर सरांनी डोळे बारीक केले. समोरच्या खुर्च्या दिसेनाशा झाल्या. चिमणी पळत येऊन समोर उभी राहिली आणि तिनं नेहमीसारखा, जीव तोडून प्रश्न विचारला.

“खोटं बोलू नये, हे कशावरून, बाबा?”

“ऐक,” सर म्हणाले. “मी तुझ्याएवढा होतो तेव्हा मलाही वाटायचं, की प्रत्येक नियमाला एक कारण असतं. आणि ते कारण सापडलं, की माणूस निर्धास्त होतो. मग...”

मग काहीच नाही. ताई अजून आपल्या स्टुलापर्यंत पोचल्याही नव्हत्या. सरांनी डोकं खाजवलं. स्वतःशीच पुटपुटले. उजेड तसाच तोंडावर होता, चिमणी तशीच डोळे लावून बघत होती. तीस वर्षं ज्या माणसाला कुठल्याही वर्गात कधी शब्द कमी पडला नव्हता, त्यानं मान वळवून विंगेकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा गर्दीत आईचा हात सुटलेल्या पोरासारखा झाला होता.

“पायरी,” विंगेतून आवाज आला. हलका, स्पष्ट, त्यांच्यापुरता.

“मग पायरी उतरावी तसा तो त्या कारणाच्याही खाली उतरतो,” सर म्हणाले, “आणि तिथे त्याला आणखी एक कारण लागतं...” आणि पुढची चार-पाच वाक्यं ते असे म्हणत गेले की चिमणी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग ते आपणहून थांबले.

ते उजेडातून बाहेर पडले. मग विंगेपाशी आले.

“तुम्ही तिथे आहात हे कळलं,” ते म्हणाले, “आणि पुढचं...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. पेन्सिल कानावर ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. त्यांना काहीतरी लिहून घ्यायचं होतं आणि ते काय हे त्यांना कळत नव्हतं.

“सर, मग संध्याकाळी काय?” दिग्दर्शिकेनं विचारलं.

“आबाच उभे राहतील.”

“फुली?”

“फुली नाही. पानं राहू दे. आबांना म्हणायची तर म्हणतील, नाही तर नाही.”

“आणि विसरले तर?”

“मागतील. आणि या देतील.”

“आणि मग समिती अकरा वेळा खोकेल!” दिग्दर्शिका म्हणाली. पण सर ऐकत नव्हते, ताई ऐकत नव्हत्या, आणि नाटक सरांचं होतं. तिनं पाय आपटला, स्वतःच्या हाताकडे पाहिलं, काटा पुन्हा आला होता. “ठीक आहे. पण तो शेजारी त्या बाजूच्या विंगेत बापाचे कपडे घालून उभा राहील. मला झोप लागली पाहिजे.”

आबांना सांगायला ताईच गेल्या. आबा पुन्हा रंग लावून बसले होते. लावू का नको, हे कुणी सांगायला आलं नव्हतं, म्हणून त्यांनी लावूनच टाकला होता.

“तुम्हीच आहात,” ताई म्हणाल्या. “आणि मागितलंत की देईन. काहीही झालं तरी देईन. कितीही चांगलं चाललेलं असलं तरी.”

“आणि नाही मागितलं तर?”

“तर नाही.”

“बरं,” आबा म्हणाले.

सातला नाट्यगृह भरलं होतं. पहिला अंक उडत गेला. दुसऱ्या अंकात दोन ठिकाणी हशा आला, जिथे आजवर कधी आला नव्हता. तिसऱ्या अंकात सर ताईंच्या मागे येऊन उभे राहिले. समोरच्या विंगेत बापाच्या कपड्यांतला शेजारी ओठ हलवून स्वतःशी दोन पानं म्हणत होता आणि दिग्दर्शिकेनं त्याची बाही घट्ट धरून ठेवली होती.

चिमणीनं प्रश्न विचारला.

ताईंनी बोट ‘ऐक’खाली ठेवलं आणि तोंड उघडलं. शब्द ओठांवर आणून ठेवला. आबा मुलीकडे पाहत होते. त्यांचे दोन्ही हात अंगाशी सुटे लोंबत होते, बोटं सैल होती. त्यांनी विंगेकडे पाहिलं नाही.

पाच सेकंद. दहा. नाट्यगृह गप्प झालं, आणि मग त्याहूनही गप्प झालं. समोरच्या विंगेत शेजाऱ्यानं एक पाऊल उचललं, दिग्दर्शिकेनं त्याला मागे ओढलं.

“विसरले?” सरांनी ताईंच्या कानाशी विचारलं.

ताई आबांच्या छातीकडे बघत होत्या. छाती वर आली, थांबली, हळूच खाली गेली. पुन्हा वर आली. ताईंच्या वहीत ओळींच्या मध्ये पेन्सिलीची बारीक टिंबं होती, आबा जिथे जिथे श्वास घेत तिथे तिथे एक. बरोबर शब्द देता यावा म्हणून प्रत्येक नटासाठी त्या अशी टिंबं मांडत. त्यांनी बोट पहिल्या टिंबावर नेलं. आबांनी श्वास घेतला. दुसरं टिंब. श्वास. तिसऱ्या टिंबाशी आबा थोडे जास्त थांबले, तिथे ते नेहमीच जास्त थांबत. ‘पायरी’वर त्यांच्या गळ्याची गाठ हलली. जिथे तुरुंगातल्या मुलाचा उल्लेख येतो आणि आबांचा आवाज नेहमी फाटतो, तिथे ताईंचं बोट पोचलं, आणि तिथेच आबांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

सरांनी आबांकडे पाहिलं. ताईंच्या बोटाकडे पाहिलं. पुन्हा आबांकडे पाहिलं, आणि स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला.

बोट शेवटच्या ओळीवर आलं, मध्ये एकही टिंब चुकलं नव्हतं. आबांनी श्वास घेतला.

ताईंनी पान उलटलं.